गेला म्हणजे गेला?

युद्ध आखातात चाललं होतं, भोंगा मात्र अंधेरीत वाजत होता. मरोळच्या एका काचेच्या इमारतीत ‘पहारा’ नावाच्या मराठी बातम्यांच्या चॅनेलची कचेरी होती, आणि दर ब्रेकनंतर हवाई हल्ल्याचा भोंगा लावायचा असा वरून आदेश आला होता. दर्शना सरकटेचे कान त्या भोंग्याने इतके किटले होते की घाटकोपरला घरी कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची.

दर्शनाचं काम पट्टीचं. पडद्याच्या तळाशी जी अक्षरं सरकत जातात आणि वर लाल चौकटीत जी ओरडत असतात, ती लिहायची. त्याआधी वीसेक वर्षं ती एका दैनिकात उपनगरांची बातमीदार होती. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड, बोरिवलीच्या सोसायटीत शिरलेला बिबट्या, वर्सोव्याच्या कोळणींचा मोर्चा, सगळं तिने चपला झिजवून लिहिलं. मग मालकांनी दैनिकाची मुंबईची कचेरी बंद केली. शेवटच्या दिवशी केक कापला. मयताला केक कापतात हे तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. चॅनेलवर जागा मिळाली ती या पट्टीची. चाळिशी कधीच उलटून गेलेल्या बाईला पडद्यावर कोण उभं करणार, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अलीकडे पट्ट्या लिहिणं आणि पाट्या टाकणं यांत तिला स्वतःलाच फारसा फरक दिसत नसे.

आखातात ‘पहारा’चा एकही माणूस नव्हता. एक वार्ताहर होता, तो इमारतीच्या गच्चीवर हेल्मेट घालून हिरव्या पडद्यापुढे उभा राहायचा आणि जोराचा वारा सुटला की खरोखर घाबरायचा. स्टुडिओत एक निवृत्त अधिकारी छडीने नकाशा बडवायचे. धुराचे जे व्हिडिओ दिवसभर फिरत होते त्यांतले काही कॉम्प्युटर गेममधले आहेत, हे डेस्कवर सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी दर्शना त्यावरून भांडली होती. तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘प्रातिनिधिक’ असं लिहायचं ठरलं आणि ते तिनेच लिहिलं. नंतर ती भांडली नाही. माणूस रोज रोज भांडायला कुठून आणणार एवढं बळ?

अनिरुद्ध गुप्ते हा आउटपुटचा प्रमुख, म्हणजे पडद्यावर काय जाणार ते ठरवणारा. मूळचा पुण्याचा, दर्शनापेक्षा बराच लहान, पण चॅनेलात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. माणूस वाईट नव्हता. युद्ध लागल्यापासून तो धड घरी गेला नव्हता, मीटिंगरूममधल्या सोफ्यावर झोपायचा, आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या दहा-बारा टीव्हींवर दुसरी चॅनेलं काय दाखवतायत याच्यावर त्याचा डोळा असायचा. त्याचा स्वतःच्या पडद्यापेक्षा त्या भिंतीवर विश्वास जास्त.

त्या दुपारी बातमी आली की ‘गल्फ मयूरी’ नावाच्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. दोन भारतीय खलाशी ठार. कंपनीने नावं सांगितली नाहीत. थोड्याच वेळात मुलुंडच्या स्थानिक बातमीदाराने एक नाव आणि एक फोन नंबर पाठवला. सिद्धेश धुरी, राहणार मुलुंड पूर्व, त्याच जहाजावर कामाला. नंबर वडिलांचा, राजाराम धुरी यांचा.

“फोनो घ्या, लाइव्ह!” अनिरुद्ध ओरडला.

फोनो म्हणजे फोनवरून थेट प्रक्षेपण. फोन लागला. स्टुडिओतून निवेदिका जान्हवीने आवाज हळवा केला, “राजारामजी, अख्खा महाराष्ट्र तुमच्यासोबत आहे. सिद्धेशबद्दल काय कळलंय तुम्हाला?”

पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. तुटक, जड, छातीतून ओढून काढलेला. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, “आमचो सिद्धेश... गेलो ओ...” पुढे पुन्हा धाप. शब्द सापडत नसल्यासारखी.

“पाडा फोन, पाडा!” अनिरुद्धने हात हलवला. रडणाऱ्या माणसाला पडद्यावर ताणायचं नाही, असा त्याचा नियम होता. त्या सबंध कचेरीतला तेवढाच एक सभ्य नियम, आणि घात केला तो त्यानेच. पडद्यावरून फोन उतरला, जान्हवीने डोळे मिटून घेतले आणि अनिरुद्ध दर्शनाच्या खुर्चीशी आला.

“गेलो काय म्हणाला? कोण गेलो? हा स्वतः?”

“मालवणीत गेलो म्हणजे गेला,” दर्शना म्हणाली. घाटकोपरच्या अमृतनगरात तिच्या भिंतीला भिंत लागून सावंतवाडीकडचं कुटुंब होतं. ती भाषा ती लहानपणापासून ऐकत आली होती.

“गेला म्हणजे... गेला?”

“गेला.”

“नक्की?”

“अरे, बाप रडतोय त्याचा.”

“मग टाक. पलीकडचे फोडतील.”

तिने लिहिलं, ‘मुलुंडचा सिद्धेश धुरी आखातात ठार’. ‘ठार’वर बोट जरा थांबलं. दैनिकात असती तर पुन्हा फोन लावला असता, कंपनीला विचारलं असतं, नाहीतर सरळ मुलुंडला जाऊन दार वाजवलं असतं. पण गेले कितीतरी दिवस तिने मरण सोडून दुसरं काही लिहिलंच नव्हतं, आणि भिंतीवरच्या टीव्हींकडे बघून अनिरुद्ध तिच्या डोक्यावर ‘टाक ना, टाक ना’ करत उभा होता. तिने बटण दाबलं.

बघता बघता सगळ्या चॅनेलांनी बातमी उचलली. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असं सगळ्यांनी म्हटलं. सूत्र कोण, तर दर्शना. फेसबुकवरून काढलेल्या सिद्धेशच्या फोटोपुढे संगणकातली समई तेवू लागली. ड्युटी संपल्यावर ती मेट्रोने घाटकोपरला गेली, खिचडी टाकली, अर्धी खाल्ली, आणि त्या मुलाचा विचारही न करता झोपली. हे पुढे तिला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाहिरात खात्यातल्या पद्मजाने तिला हाक मारली. “दर्शना, तुझ्यासाठी फोन आहे बहुतेक. म्हातारे आहेत कोणी. पट्टी लिहिणारी बाई पाहिजे म्हणतात. मी सांगितलं हा जाहिरातीचा नंबर आहे, पण पडद्यावर दुसरा नंबरच नाही ना आपला.”

दर्शनाने फोन घेतला.

“मॅडम, मी राजाराम धुरी बोलतोय, मुलुंडवरून. तुमच्याकडे दुरुस्ती लिहून द्यायची झाली तर कुठे द्यायची?”

“कसली दुरुस्ती, काका?”

“माझा मुलगा जिवंत आहे. मी काल तसंच सांगितलं तुम्हाला.”

म्हातारा घाईघाईने पुढे बोलत राहिला, आणि घाई झाली तशी त्याची मुंबईची भाषा सुटत गेली.

“लोक माका पाणी पाजतत ओ. मी सांगतंय झील जिवंत आसा, तर म्हणतात, राजारामभाऊ, बसा जरा, शांत व्हा. डॉक्टर बोलावलेला माझ्यासाठी. गावाक भावकीन आंघोळी केल्यानी, सुतक धरल्यानी. आज माझ्या पुतणीची हळद होती, ती थांबवली. आणि बायको...” इथे तो थांबला. “बायको म्हणते, तुम्ही माझ्यापासून लपवताय. कालपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. मॅडम, तुमची टीव्ही जे बोलली ते तिने मानलं. माझं मानत नाही. आता टीव्हीनेच सांगितलं पाहिजे.”

“मुलाशी बोलणं झालंय का तुमचं?”

“मंगळवारी झालं, माझ्याशीच. आता लागत नाय. थंय सगळंच बंद आहे ना.”

फोन ठेवून ती सरळ आतल्या खोलीत गेली. फोनो पडद्यावरून उतरवला तरी समोरचा माणूस बोलत असतो आणि यंत्र ते साठवत असतं. तिने हेडफोन लावले. जान्हवीचा हळवा आवाज, मग ती धाप, मग ‘आमचो सिद्धेश गेलो ओ’. आणि पुढे, जे कुणीच ऐकलं नव्हतं ते सगळं. ‘जरा थांबा हां, जिनो चढान इलंय, लिफ्ट बंद आसा... हां. गेलो तो सोमवारीच. बोट सोडून मस्कताक उतारलो. विमानां बंद आसत म्हणान थंयच अडाकलो. बोटीर नाय तो. हॅलो? हॅलो, मॅडम, ऐकतास मा?’

तिने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तर ती धाप इतकी साधी, जिन्याची धाप वाटली, की हिला आपण रडणं कसं काय समजलो असं तिला झालं.

अनिरुद्धला तिने हेडफोन दिले. त्याने ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. “च्यायला. वाट लागली.”

“आपण चुकलो, अनिरुद्ध. मी चुकले. सरळ सांगू या. ‘सिद्धेश धुरी जिवंत, चुकीबद्दल दिलगीर’. तेवढी पट्टी जाऊ दे, दिवसभर.”

“दर्शना, मला पटतंय गं. पण हे बघ, मुलगा स्वतः बोललाय कुणाशी? नाही ना. कंपनीने यादी दिलीय? नाही. मग आपल्या हातात आहे काय?”

“बापाचं म्हणणं आहे.”

“हां. म्हणजे दावा.”

“काल त्याच बापाच्या अर्ध्या वाक्यावर तू पोराला मारलंस. तेव्हा तो दावा नव्हता?”

अनिरुद्धने भिंतीकडे बघितलं. “दिलगीर म्हटलं की आपल्यालाच तेवढं धरतील. बाकीच्यांनीही चालवलंय ना, ते नाही म्हणणार. मी काढतो काहीतरी मार्ग.”

त्याने मार्ग काढला. थोड्याच वेळात भोंगा वाजला आणि लाल चौकट आली, ‘सिद्धेश जिवंत? वडिलांचा खळबळजनक दावा!’ ती दर्शनाने लिहिली नव्हती, तिच्या शेजारच्या खुर्चीवरून लिहिली गेली. स्टुडिओत कुणी मानसोपचारतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. जान्हवीने त्यांना विचारलं, “धक्क्यात असलेले पालक सत्य नाकारतात, हे कितपत नैसर्गिक आहे?” बाईंनी अगदी नैसर्गिक आहे असं सांगितलं. राजाराम धुरींचा फोटो आता मुलाच्या फोटोशेजारी आला होता आणि समई दोघांच्या मधोमध.

दर्शनाने ते शेवटपर्यंत बघितलं. रागही पूर्वीसारखा येत नाही, नुसता शीण येतो, हे तिच्या लक्षात आलं. तिने यंत्रातलं ते रेकॉर्डिंग आपल्या मोबाइलमध्ये घेतलं. कचेरीबाहेर काही न्यायचं नाही असा नियम होता. तिने पर्स उचलली.

“कुठे?” अनिरुद्धने विचारलं.

“मुलुंडला.”

“थांब, मग बूम घेऊन जा. कॅमेरा मागून पाठवतो.” बूम म्हणजे चॅनेलचं चिन्ह लावलेला माइक. त्याने तो खरोखरच तिच्या हातात दिला. तिने तो पद्मजाच्या टेबलावर ठेवला आणि रिक्षा पकडली.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं. रिक्षावाल्याच्या मोबाइलवर ‘पहारा’च लागला होता. “बेचारा बाप,” तो मान हलवत म्हणाला, “दिमाग पे असर हो गया.” दर्शनाने तोंड बाहेर फिरवलं. वीस वर्षं लोकांच्या दारात जाताना तिच्याकडे वही असायची, पेन असायचं, प्रश्न असायचे. आज तिच्याकडे एकही प्रश्न नव्हता.

नवघर रोडच्या आत म्हाडाच्या जुन्या इमारती आहेत, त्यांतल्या एकीत धुरी राहत होते. गिरणी बंद पडल्यावर राजारामने भांडुपच्या एका कारखान्यावर वॉचमनची नोकरी केली, त्यातून हे घर झालं, हे तिला खालीच पानवाल्याने न विचारता सांगितलं. लिफ्टवर ‘बंद आहे’ची पाटी होती, तिचा पुठ्ठा पिवळा पडला होता. चौथा मजला चढेपर्यंत दर्शनाला जीव नकोसा झाला. दारात चपलांचा ढीग होता. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिला बोलताच येईना. तोंडातून नुसती धाप, तुटक, जड.

आतली एक बाई उठून आली आणि तिने दर्शनाचे खांदे धरले. “रडा नको गे बाय. रडा नको. बस हडे.”

“मी... रडत...” एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तिलाच ते रडणं वाटलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. राजारामला पाजत होते तोच असावा.

खोलीत बायका बसल्या होत्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. त्याच्यासमोर जमिनीवर, भिंतीला टेकून, सिद्धेशची आई द्रौपदी बसली होती आणि पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या अक्षरांवरून तिची नजर हलत नव्हती. टीव्ही बंद करायला ती कुणाला देत नाही, असं शेजारणीने हळूच सांगितलं. राजाराम कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. किरकोळ, नीट भांग पाडलेला माणूस. दर्शनाने आपलं आणि चॅनेलचं नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले.

“तुम्ही आलात? बरं झालं. आता सांगा हिला.” आणि मग उत्साहाने म्हणाले, “अहो, मेसेज आला त्याचा! आत्ताच! कुणा पाकिस्तानी खलाशाच्या मोबाइलवरून पाठवलाय. आवाज आहे त्याचा.”

त्यांनी मोबाइल पुढे धरला. शेजारच्या माणसाने बटण दाबलं. ‘आये, मी बरो आसंय. मस्कताक हॉटेलात आसंय. हडे नेटवर्क नाय. विमानां चालू झाली की लगेच निघतंय. जेवलस काय? येतंय गे आये.’

खोलीतल्या सगळ्यांनी द्रौपदीकडे पाहिलं. द्रौपदीने टीव्हीवरची नजरही काढली नाही.

“आवाज करतत आताशी,” ती सपाट आवाजात म्हणाली. “मेलेल्या माणसाचो पण करतत. ह्या लोकांच्याच टीव्हीवर दाखवल्यानी गेल्या महिन्यात. मशीन करता. म्हणाले, फसू नका, सावध ऱ्हवा.”

दर्शनाला तो कार्यक्रम आठवत होता. ‘आवाज तुमच्या मुलाचा, डाव चोरांचा!’ ही पट्टी तिचीच होती, आणि ती लिहिताना तिला आपण आज काहीतरी उपयोगाचं लिहिलं असंही वाटलं होतं.

ती द्रौपदीसमोर जमिनीवर बसली, टीव्हीच्या आणि तिच्या मधे, पट्टी दिसणार नाही अशी. “काकी, मी दर्शना. ‘ठार’ ते मी लिहिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीने नाही, सरकारने नाही. काका फोनवर गेलो म्हणाले आणि मी ते गेला असं धरलं. माझी चूक आहे.”

द्रौपदीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. “तुका ह्येंनी बोलावल्यानी मा? माका समजावूक?”

“नाही. मी माझी आले.”

“ह्येंनीच बोलावल्यानी,” द्रौपदी म्हणाली आणि पुन्हा पट्टी शोधायला मान वाकडी केली.

तेव्हा दर्शनाने मोबाइल काढला. “हे काल दुपारचं आहे. पट्टी लागण्याच्या आधीचं. तेव्हा काकांना लपवायला काहीच नव्हतं. आम्ही मधेच तोडलं, पण मशीनमध्ये पूर्ण आहे. एकदा ऐका. मग टीव्ही बघा हवा तर.”

जान्हवीचा हळवा आवाज खोलीत वाजला. मग ती धाप. सगळ्या बायकांनी चेहरे पाडले. कालही सगळ्यांनी इथवरच ऐकलं होतं. ‘आमचो सिद्धेश गेलो ओ...’ पुन्हा धाप. आणि मग ‘जरा थांबा हां, जिनो चढान इलंय...’

द्रौपदीची मान सरळ झाली.

रेकॉर्डिंग पुढे चाललं. सोमवार, मस्कत, बंद विमानं, ‘बोटीर नाय तो’, ‘हॅलो, मॅडम, ऐकतास मा?’ संपलं तेव्हा राजाराम खुर्चीचा हात धरून उभे होते. आपल्याच तोंडचे शब्द आपल्या बाजूने साक्ष देतायत का, याची ते वाट बघत होते.

“ह्येंका जिनो चढल्यार असोच दम लागता,” द्रौपदी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. “दिवसातसून चारदा उतरतत. काल दूध आणूक गेलेले.” मग तिचा आवाज एकाएकी चढला, “पण गेलो कित्याक म्हटलात तुम्ही? उतारलो म्हणूक काय झाला होता? बाहेर असलेल्या पोराक गेलो म्हणतत?”

“अगो, बोटीवरून गेलो म्हणून...”

“माझ्या घरात कोण जाणा नाय! सगळी येतत!”

ती ओरडली आणि ओरडता ओरडताच तिला रडू फुटलं. कालपासून अडवून धरलेलं सगळं रडू. शेजारणी तिला धरायला धावल्या. राजाराम तिथेच मटकन खाली बसले आणि डोळे पुसत हसले. दर्शनाला बाजूला सरकावं लागलं, कारण त्या दोघांच्या मधे ती आली होती.

जरा वेळाने द्रौपदी म्हणाली, “तो परत लाव.”

मेसेज पुन्हा लागला. ‘आये, मी बरो आसंय...’ या खेपेला ती मोबाइल कानाशी धरून, डोळे मिटून ऐकत होती. ‘जेवलस काय’वर तिने नकळत मान हलवली. शेवटी ‘येतंय गे आये’ आलं तेव्हा ती त्या मोबाइललाच म्हणाली, “ये हां. ये बाबा.”

कुणीतरी आत जाऊन पेज टाकली. राजारामनी गावाला फोन लावला, मेसेज ऐकवला, मोठमोठ्याने सांगितलं, मग हळू बोलले, मग नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून ते दर्शनाजवळ आले. “मानलं त्यांनी. पण मुहूर्त गेला पोरीचा. नवऱ्याकडची माणसं सकाळीच परत फिरली. अपशकुन म्हणाली. आता ते पुढे काय करतात...” मग त्यांनी विचारलं, अगदी आर्जवाने, “मॅडम, दुरुस्ती कधी येईल? म्हणजे गावाला सांगता येईल. नवऱ्याकडच्यांनाही दाखवता येईल.”

दर्शनाने टीव्हीकडे पाहिलं. लाल चौकटीत आता कुठल्यातरी पक्षाचे आमदार फुटल्याची बातमी होती. तळाच्या पट्टीत सिद्धेश कुठेच नव्हता. ना ठार, ना दावा, ना दुरुस्ती. त्याचा विषय संपला होता. मोबाइलवर अनिरुद्धचा मेसेज येऊन पडला होता, ‘मुलुंडचा बातमीदार म्हणतो, मुलाचा व्हॉइस मेसेज आलाय? मिळव ना यार. चमत्कार म्हणून करू. एक्सक्लुझिव्ह.’

“मी प्रयत्न करते, काका,” ती म्हणाली. खोटं सांगणंही तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून मग खरं सांगितलं. “येईल असं वाटत नाही. कागदावर लिहून, सही करून देते मी. ‘बातमी चुकीची होती, चूक माझी’ म्हणून. तो दाखवा.”

कोणाच्यातरी शाळेच्या वहीचं पान मिळालं. तिने लिहिलं, सही केली, चॅनेलचं नाव लिहिलं, खाली स्वतःचा मोबाइल नंबर. या कागदापायी उद्या नोकरी जाऊ शकते हे तिला कळत होतं, पण त्याचंही फारसं काही वाटलं नाही. राजारामनी कागद वाचून नीट घडी घातली. पुतणीच्या सासरच्यांना त्याने काय पटणार, हे त्यांना कळत असावं. तरी ते “थँक्यू मॅडम” म्हणाले. त्या थँक्यूने तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना ती द्रौपदीपाशी वाकली. द्रौपदीच्या हातात पेजेचा वाडगा होता आणि ती फुंकर घालून एकेक घोट घेत होती.

“काकी, येते मी.”

बातमीदार म्हणून ती नाही नाही त्या घरांत जाऊन आली होती. खून झालेल्या, घर पडलेल्या, आग लागलेल्या. लोकांनी शिव्या दिल्या होत्या, एकदा तर अंगावर पाणी ओतलं होतं. पण उंबऱ्याशी वळून ‘येते’ म्हटलं की आतून कुणीतरी ‘या’ म्हणायचंच. तोंडाला सवयच असते ती.

द्रौपदीने वाडगा खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. तिने दर्शनाकडे बघितलं, जरा विचार केला, आणि शब्द निवडून म्हणाली,

“जा.”